जुगाराचं कर्ज आणि सिक्युरिटी क्लिअरन्स: माझे बावीस महिने

मी व्हर्जिनियात राहतो, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो आणि २०१४ पासून अमेरिकेचा नागरिक आहे. संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी मिळाली. तिथे ‘सीक्रेट’ दर्जाचं क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागणार होतं आणि माझ्या नावावर जुगारातून आलेलं ३४,७५५ डॉलरचं थकीत कर्ज होतं. फॉर्म भरल्यापासून निकाल हातात पडेपर्यंत बावीस महिने गेले. त्या काळात आपल्या माणसांपैकी कुणाशी बोलावं तेच कळत नव्हतं. ज्यांच्याकडे क्लिअरन्स असतं ते त्याविषयी बोलत नाहीत, आणि जुगाराविषयी तर आपल्यात कुणीच तोंड उघडत नाही. म्हणून जे घडलं ते तारखांसकट लिहून ठेवतोय.

२०१८ साली नदीपलीकडे मेरीलँडमधल्या कॅसिनोत मी ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार खेळायला लागलो. आधी महिन्यातून एकदा, मग दर शुक्रवारी. जानेवारी २०२१ मध्ये व्हर्जिनियात फोनवरून सट्टा लावणं कायदेशीर झालं आणि मग घराबाहेर पडायचीही गरज उरली नाही. आयपीएलचे सामने इथे सकाळी लागतात. मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली फोन धरून पैसे लावत होतो. पगार पुरेना तेव्हा दोन क्रेडिट कार्डं भरली, १४,९०० डॉलरचं वैयक्तिक कर्ज काढलं, निवृत्तीच्या ४०१(के) खात्यातून १५,००० उचलले. फेब्रुवारी २०२१ पासून कार्डांचे हप्ते थांबले. इथे सहा महिने पैसे भरले नाहीत की बँक ते कर्ज ‘चार्ज-ऑफ’ म्हणजे बुडीत खाती टाकते. कर्ज तसंच राहतं, फक्त क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो.

६ ऑक्टोबर २०२१, बुधवार. वसुली कंपनीचं पत्र पेटीत आलं आणि ते बायकोने उघडलं. संध्याकाळी तिने ते माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, “अजून किती आहेत?” मी म्हणालो, “हे एकच.” तासाभराने सगळं सांगितलं. कर्जाने जेवढं केलं नाही तेवढं त्या एका तासाने आमच्यात केलं. पुढे सरकारी कागदांवर मला सर्वात जास्त उपयोग झाला तो त्या तासाच्या आठवणीचा, म्हणून ते इथे लिहिलं.

त्या रात्रीपासून सट्टा बंद. आठवड्याभरात मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन्ही राज्यांच्या सेल्फ-एक्स्क्लूजन यादीत नाव घातलं. म्हणजे आपणच आपल्यावर बंदी मागायची, मग कॅसिनो आणि ॲप दोन्ही बंद. याला पैसे लागत नाहीत. मंजुरीचं पत्र येतं, ते जपून ठेवा. गॅम्ब्लर्स अनॉनिमसच्या बैठकीला जायला लागलो. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली ही जुगार सोडू पाहणाऱ्यांची संस्था वीस प्रश्नांची एक यादी हातात देते. सात किंवा जास्त प्रश्नांना ‘हो’ आलं तर विचार करायला हवा, असं त्यांचं म्हणणं. माझे सोळा आले. नोव्हेंबरपासून जुगाराच्या व्यसनावर काम करणाऱ्या परवानाधारक समुपदेशकाकडे जायला लागलो, आणि जानेवारी २०२२ मध्ये एका ना-नफा क्रेडिट समुपदेशन संस्थेमार्फत तिन्ही थकीत कर्जांची परतफेड सुरू केली: महिना ७२० डॉलर, वर संस्थेची फी ३५.

हे सगळं करताना क्लिअरन्सचा विचारही मनात नव्हता, आणि तेच पुढे कामी आलं. नोटीस आल्यावर घाईघाईने सुरू केलेल्या परतफेडीला या प्रक्रियेत फार वजन मिळत नाही.

मार्च २०२२ मध्ये नोकरीचा प्रस्ताव आला, एप्रिलमध्ये रुजू झालो. क्लिअरन्ससाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही, कंपनीच पुढे करते, आणि फॉर्मला फी नसते. कंपनीत एक फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसर असतो, सगळे त्याला एफएसओ म्हणतात. आमच्या एफएसओ बाईंनी मेमध्ये ई-क्विपची, म्हणजे हा फॉर्म ऑनलाइन भरायच्या तेव्हाच्या सरकारी यंत्रणेची, लिंक पाठवली. फॉर्मचं नाव एसएफ-८६. दहा वर्षांचे पत्ते, दहा वर्षांच्या नोकऱ्या, परदेशातले नातेवाईक. मला धास्ती होती ती या नातेवाइकांच्या कलमांची. आई-वडील सांगलीत, भाऊ पुण्यात. ती कलमं भरायला दोन संध्याकाळी गेल्या आणि पुढे त्यांवरून एकही अडचण आली नाही.

अडकलो ते कलम २६ वर. हे पैशांचं कलम. त्यातल्या दुसऱ्याच प्रश्नात विचारलंय की जुगारामुळे तुम्हाला कधी आर्थिक अडचण आली आहे का. दिवाळखोरीसाठी, थकबाकीसाठी सात वर्षांची मुदत आहे. इथे मुदत नाही, ‘कधीही’ असा शब्द आहे. ‘हो’ म्हटलं की किती हरलात, कधी ते कधी, काय अडचणी आल्या, त्यावर काय केलं हे सगळं लिहावं लागतं. त्या चौकोनासमोर मी बराच वेळ बसून होतो. थकीत कर्ज तर क्रेडिट रिपोर्टवर दिसणारच होतं, पण ते जुगारामुळे झालं हे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. घर बदललं, कोविड होता, असं काहीही लिहिता आलं असतं. बायको शेजारी भाजी निवडत होती. ती स्क्रीनकडे न बघता म्हणाली, “पुन्हा ‘हे एकच’ नको.” मी ‘हो’वर टिचकी मारली.

पण तिथेच एक चूक केली. किती हरलो या रकान्यात अंदाजाने ३०,००० लिहिलं. मला खरोखर तेवढंच वाटत होतं. हरलेला माणूस बेरीज करत नाही. तुम्ही मात्र करा. प्रत्येक कॅसिनो आणि प्रत्येक ॲपकडून वर्षाचं ‘विन-लॉस स्टेटमेंट’ मागवता येतं, आणि ते फॉर्म भरायच्या आधी मागवा. क्रेडिट रिपोर्ट तिन्ही संस्थांचे काढा, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन. एकावर असलेलं खातं दुसऱ्यावर नसू शकतं. हे रिपोर्ट फुकट मिळतात. भरलेल्या फॉर्मची प्रत उतरवून घ्या, कारण पुढची दोन वर्षं प्रत्येक जण त्याच फॉर्मवरून प्रश्न विचारतो.

१५ मेला फॉर्म गेला. जुलैमध्ये कळलं की तात्पुरतं म्हणजे इंटरिम क्लिअरन्स मिळालेलं नाही. कारण देत नाहीत आणि त्यावर अपीलही नसतं. कंपनीने मला गोपनीय नसलेल्या कामावर ठेवलं. मी मॅनेजरला कर्जाचं सांगून टाकलं होतं. इतरांच्या नोकऱ्या याच टप्प्यावर गेल्याचं पुढे वाचलं, त्यामुळे मला सवलत मिळाली हे मी विसरत नाही.

विन-लॉस स्टेटमेंटं मी सप्टेंबरमध्ये मागवली आणि बेरीज केली: ५८,७०० डॉलर. फॉर्मवर ३०,०००. त्या रात्री पोटात गोळा आला. सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्याचा गुन्हा आहे, आणि क्लिअरन्सच्या नियमावलीत त्यासाठी ‘वैयक्तिक वर्तन’ नावाचं वेगळं कलमच आहे. पण त्याच कलमात असंही म्हटलंय की कुणी पकडण्याआधी तुम्ही स्वतःहून आणि तातडीने चूक दुरुस्त केलीत तर ते तुमच्या बाजूने धरलं जातं. ‘आधी’ या शब्दाला तिथे अर्थ आहे. दुसऱ्याच दिवशी एफएसओ बाईंना लिहून कळवलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये तपास अधिकाऱ्यासमोर मुलाखत झाली. सीक्रेटसाठी प्रत्येकाची मुलाखत होत नाही, फॉर्ममध्ये काही खटकलं तरच बोलावतात. शपथ झाली आणि पहिल्या प्रश्नाआधीच मी ५८,७०० चा कागद पुढे सरकवला. अडीच तास चाललं. त्यांनी एका ठरावीक तारखेला कॅसिनोत झालेल्या रोख व्यवहाराविषयी विचारलं, तेव्हा मी चकित झालो. नंतर समजलं की एका दिवसात दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोख फिरली की कॅसिनोला त्याची नोंद सरकारकडे पाठवावीच लागते. आवाज चढवणं नाही, नैतिक व्याख्यान नाही. कुणाकुणाला माहीत आहे, हा प्रश्न मात्र तीनदा वेगवेगळ्या शब्दांत आला. बायकोला? मॅनेजरला? आई-वडिलांना? पहिल्या दोघांचं उत्तर ‘हो’ होतं. तिसऱ्याचं ‘नाही’. घरी येऊन त्याच आठवड्यात वडिलांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, “जेवलास का?”

हा प्रश्न इतका का घोळवतात ते मला पुढे नियमावली वाचताना कळलं. तिचं नाव एसईएडी-४, जून २०१७ पासून लागू. तिच्यात तेरा कलमं आहेत आणि आर्थिक बाबींचं कलम ‘एफ’. कायदेशीर जुगार खेळणं त्यात मुळी दोष म्हणून नाहीच. दोष आहेत ते असे: कर्ज फेडता न येणं, फेडायची इच्छा नसणं, जुगारासाठी किंवा जुगाराचं देणं भागवण्यासाठी उधार घेणं, आणि जुगारातलं नुकसान किंवा त्यातून झालेला घरचा कलह लपवणं. लपवाछपवीचा मुद्दा स्वतंत्र आहे. ज्याला पैशांची निकड आहे आणि जो ती लपवतोय, त्याला कुणीही गाठू शकतं. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये पैशांच्या ओढाताणीत असतानाच गुपितं विकायला सोव्हिएत वकिलातीत गेला होता. सरकार जुनं नुकसान मोजत बसत नाही. उद्या कुणी मला ‘तुझ्या बायकोला सांगू का?’ असं विचारलं तर मी काय करीन, हे ते पाहतात. माझ्या बाबतीत ती धमकी ६ ऑक्टोबर २०२१ लाच निकामी झाली होती.

मार्च २०२३ मध्ये लेखी प्रश्नावली आली, सोबत मुलाखतीचा सारांश. तो बरोबर आहे असं लिहून द्यायचं असतं. ओळ न् ओळ वाचा. माझ्या सारांशात एका कर्जाची रक्कम चुकली होती, ती दुरुस्त करून पाठवली.

आणि २ जून २०२३ रोजी एसओआर आलं, स्टेटमेंट ऑफ रीझन्स. क्लिअरन्स देणं ‘राष्ट्रहिताशी स्पष्टपणे सुसंगत’ आहे असं म्हणता येत नाही, आणि त्याची कारणं खालीलप्रमाणे. माझ्यावर पाच मुद्दे होते: जुगार आणि त्यातलं नुकसान, ४०१(के)ची उचल, आणि तीन थकीत कर्जं. कोर्टाचं समन्स आल्यासारखं वाटतं, पण हा गुन्ह्याचा खटला नव्हे आणि नकारही नव्हे, अजून. उत्तराला वीस दिवस असतात. प्रत्येक मुद्द्यावर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहायचं, शपथेवर सही करायची, आणि सुनावणी हवी की नुसत्या कागदांवर निर्णय हवा ते कळवायचं.

या टप्प्यावर वकील गाठला. पूर्ण खटल्याची फी परवडणारी नव्हती. पहिल्या सल्ल्याचे ३५० आणि उत्तर तपासून देण्याचे १,५०० डॉलर दिले, सुनावणी मी स्वतः लढवली. वकिलांनी एकच गोष्ट बदलायला लावली. चौथ्या मुद्द्यावर मी लिहिलं होतं, ‘अंशतः मान्य, कारण बँकेने व्याज फार लावलं’. ते खोडून त्यांनी ‘मान्य’ एवढंच ठेवलं. सुनावणी मागा, असंही त्यांनीच आग्रहाने सांगितलं. कागदावर माणूस दिसत नाही, असं त्यांचं मत, आणि मला ते पटलं.

कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांच्या या सुनावण्या ‘डोहा’ घेतं, डिफेन्स ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्स. त्यांचे जुने निकाल अर्जदारांची नावं काढून सर्वांसाठी खुले असतात. सहा महिन्यांच्या प्रतीक्षेत मी जुगाराचे तीसएक निकाल वाचून काढले. कुठल्याही पुस्तकापेक्षा हे वाचन उपयोगी पडलं. सगळं कर्ज फिटलेलं असायलाच हवं असं नाही, समजूतदार आराखडा हवा आणि त्याप्रमाणे वागल्याचा पुरावा हवा, हे तिथे वारंवार भेटतं. उलट, सात वर्षं होऊन कर्ज क्रेडिट रिपोर्टवरून गळून पडलं म्हणजे ते फेडलं असं कुणी मानत नाही. आणि शंका उरली तर ती अर्जदाराच्या विरुद्ध जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नौदल विरुद्ध ईगन या खटल्यात सांगून ठेवलंय. क्लिअरन्सवर कुणाचा हक्क नसतो. हे वाचून दोन रात्री झोप उडाली होती, तरी वाचलं ते बरंच झालं.

समुपदेशनाविषयी एक सांगतो, कारण याच भीतीने लोक मदत घेत नाहीत. मानसोपचाराचा कागद असला की क्लिअरन्स जातं, असं मलाही कुणीतरी सांगितलं होतं. एसएफ-८६ च्या कलम २१ मध्ये ज्या आजारांची नावं घेऊन विचारलंय त्यांत जुगाराचं व्यसन नाही. आणि विश्वासार्ह ठिकाणी आर्थिक समुपदेशन घेऊन पैशांचा प्रश्न सुटत चालला असेल, तर कलम ‘एफ’ ते तुमच्या बाजूने मोजतं. माझ्या समुपदेशकांनी चार पानी अहवाल दिला, बारा महिन्यांहून जास्त काळ लक्षणं नसल्याने ‘सातत्यपूर्ण सुधारणा’ असं निदानाच्या भाषेत लिहिलं. त्या अहवालाचे ४०० डॉलर लागले. माझ्या सगळ्या कागदांत सर्वात भारी तोच ठरला.

डिसेंबरमध्ये तारीख आली: १८ जानेवारी २०२४, व्हिडिओवर, टीम्समधून. मी इस्त्रीचा शर्ट आणि कोट घालून जेवणाच्या टेबलाशी बसलो. पडद्यावर न्यायाधीश, सरकारी वकील आणि प्रत्येक शब्द टिपणारी लेखनिक. खोटं बोललात तर संघराज्याच्या फौजदारी कायद्याच्या कलम १००१ खाली गुन्हा, ही समज आधी देतात. सरकारचे सहा पुरावे, माझे तेरा: ए पासून एम पर्यंत. चोवीस हप्त्यांच्या पावत्या, १७,२८० डॉलर फिटल्याचं पत्र, बंदीची दोन पत्रं, घरचा मासिक जमाखर्च, मॅनेजरचं आणि गॅम्ब्लर्स अनॉनिमसमधल्या माझ्या ज्येष्ठ सोबत्याचं पत्र. प्रत्येक पानावर क्रमांक घालून पीडीएफ करा. न्यायाधीश ‘पुरावा एफ, पान तीन’ म्हणतात तेव्हा सर्वांनी एकच पान बघायला हवं.

सरकारी वकील सभ्य होते, पण ते सोडत नव्हते. शेवटचा जुगार कधी? मी ६ ऑक्टोबर २०२१ सांगितलं आणि पुढे एक गोष्ट जोडली. सप्टेंबर २०२२ मध्ये मंडळाच्या गणेशोत्सवात रॅफलचं, म्हणजे बक्षिसाच्या सोडतीचं, पाच डॉलरचं तिकीट घेतलं होतं. बाकीच्यांसाठी ती देणगी. गॅम्ब्लर्स अनॉनिमसच्या हिशेबात तो जुगारच. त्याच आठवड्यात बैठकीत सांगितलं, समुपदेशकांनाही सांगितलं, त्यांच्या अहवालात ते आहे. न्यायाधीशांनी मान वर करून विचारलं, “हे आम्हाला कुठूनही कळलं नसतं. का सांगताय?” मला तयार उत्तर सुचलं नाही. म्हणालो, अर्धं सांगायची सवय होती मला, ती पुन्हा लागायला नको आहे.

मग बायकोची साक्ष. तिने माझं कौतुक अजिबात केलं नाही. पगार आता कुठे जमा होतो, कार्डं किती आहेत, पासवर्ड कुणाकडे असतो, हे तिने आकड्यांत सांगितलं. तो पुन्हा खेळला तर तुम्हाला कळेल का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “मागच्या वेळी आठ महिने लागले होते. आता स्टेटमेंट माझ्याकडे येतात, त्यामुळे महिन्याच्या आत कळेल.” कोर्ट संपेपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहवलंच नसतं.

दोन तासांत आटोपलं. जानेवारीच्या हप्त्याची पावती अजून यायची होती, म्हणून न्यायाधीशांनी कागद जोडायला १ फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली. अशी मुदत मागता येते, मागा.

त्यानंतरची प्रतीक्षा सर्वात वाईट होती. करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. २७ मार्च २०२४ ला निर्णय आला, अकरा पानी. पाचही मुद्दे ‘अर्जदाराच्या बाजूने’. विरुद्ध गेला असता तर पंधरा दिवसांत अपिलाची सूचना द्यायची होती, आणि तेही हरलो असतो तर पुन्हा अर्जासाठी वर्षभर थांबावं लागलं असतं. त्या सूचनेचा मसुदा मी लिहून ठेवला होता. निर्णय वाचून झाल्यावर खुर्चीतून उठायला बराच वेळ लागला.

१२ एप्रिलला एफएसओ बाईंसमोर गोपनीयतेच्या करारावर, एसएफ-३१२ वर सही केली. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. आता दर पाच-दहा वर्षांची फेरतपासणी नसते, क्रेडिटवर सतत नजर असते. आणि कुठलंही देणं १२० दिवसांपुढे थकलं तर यंत्रणेला दिसायची वाट न पाहता स्वतः येऊन कळवायचं. तेव्हा कर्जाचे सुमारे १५,००० डॉलर उरले होते. शेवटचा हप्ता जानेवारी २०२६ मध्ये जाणार होता. पावती दर महिन्याला बायकोच्या इमेलवर यायची, आणि ती तिची प्रत काढून एका निळ्या फायलीत लावायची.